सड्यावरचा वारा, पवनचक्की आणि तुमचा सातबारा

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. देवगड तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, तुमची साडेतीन एकर सामाईक कातळजमीन आहे, ती पवनचक्कीसाठी मागायला एक एजंट दोनदा येऊन गेला, तर ती द्यावी का? होमस्टेच्या स्लॅबवर छोटी पवनचक्की बसवली तर विजेचं बिल आटोक्यात येईल का? आणि ज्या किनाऱ्यावर देशातल्या अगदी सुरुवातीच्या पवनचक्क्या फिरल्या, तिथं पुढे त्या वाढल्या का नाहीत, सगळ्या घाटावरच का गेल्या? मी सव्वीस वर्षं याच धंद्यात आहे. साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या पठारावर टॉवरचे बोल्ट आवळण्यापासून सुरुवात केली, मग धुळे, कच्छ, तामिळनाडू असं फिरत फिरत आज साइट निवडण्याच्या कामात आहे. माझं आजोळ तुमच्याच पट्ट्यातलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तरं सांगून टाकतो. स्लॅबवर पवनचक्की लावू नका, सोलर लावा. जमीन विकू नका. भाडेपट्ट्याने द्यायची की नाही, हे त्या सड्यावर निदान वर्षभर वारा मोजून झाल्यावरच ठरवा. तोवर कुठल्याही मुखत्यारपत्रावर घरातल्या कुणीही सही करायची नाही.

आता वाऱ्याबद्दल. "आमच्याकडे वारा काय कमी आहे?" हे मी कोकणात घरोघरी ऐकतो, आणि ते खोटं नाही. मिरगाच्या सुमाराला सड्यावर धड उभं राहवत नाही, कौलं उडतात, माड कमरेत वाकतात. पण आपल्या लक्षात राहतो तो झंझावात, आणि पवनचक्कीचं पोट भरतं वर्षभराच्या सरासरीवर. वारा सेकंदाला तीनेक मीटरने वाहायला लागला की यंत्र वीज द्यायला लागतं. ११-१२ मीटरला, म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटरला, ते पूर्ण क्षमतेला पोचतं. त्याच्या वर वारा कितीही वाढला तरी वीज तेवढीच, आणि २०-२५ मीटरच्या पुढे गेला की पाती वाऱ्याकडे धार करून गप्प उभी राहतात. कौलं उडवणारा वारा आमच्या उपयोगाचा नसतो.

मधल्या पट्ट्यात मात्र एक नियम चालतो, तो समजला की हा सगळा धंदा समजतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, आणि वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्श्यावर येते. सरासरी सेकंदाला ५ मीटर वाऱ्याची जागा आणि ७ मीटरची जागा अंगाला सारखीच वाटते, पण वाऱ्यातली ताकद दुसऱ्या जागी जवळजवळ पावणेतीनपट असते. सातच्या जागेवर कंपनी कर्ज फेडते, पाचच्या जागेवर यंत्र गंजायला सोडून निघून जाते. "चांगला वारा" या दोन शब्दांवर आमच्यात कुणी पैसे लावत नाही, त्याचं कारण हेच.

माझे थोरले मामा शिडाच्या होडीवाले. पहाटे जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारी समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर शीड भरून परत यायचं, हा त्यांचा दिवस. दोन वेळा वारा मिळाला की त्यांचं भागायचं. "वारो बघल्याशिवाय होडी घालूची नाय," हे त्यांचं वाक्य मी नव्या मुलांना साइटवर सांगतो. पण होडीला पुरतं तेवढं पवनचक्कीला पुरत नाही. जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नैऋत्येचा मोसमी वारा दिवसरात्र चालतो, तो खरा कमाईचा. ऑक्टोबरात तो पडतो आणि कोकण घामाने भिजतं. थंडीत पहाटेचा मतलई असतो, पण त्यात यंत्राला पुरेल असा जोर फारसा नसतो. होळीच्या आगेमागे वायव्येचा खारा वारा दुपारी चांगला उठतो, तोही दिवेलागणीनंतर तासा-दोन तासांत मरतो. म्हणून आमच्या भाषेत पावसाळा म्हणजे 'हाय विंड सीझन'. आपल्याकडच्या यंत्रांची निम्म्याहून बरीच जास्त वीज त्या चार महिन्यांत तयार होते, आणि वर्षाची सगळी मोठी दुरुस्ती ३१ मेच्या आत आटपायची असते. तेव्हा एखादा गिअरबॉक्स राहिला, तर त्या यंत्राचं वर्ष गेलं.

तुमच्या स्लॅबचा हिशेब मांडू. समजा तुम्ही तीन मीटर व्यासाचा पंखा घेतलात. त्याने कवेत घेतलेलं क्षेत्र सात चौरस मीटर. वाऱ्यातली सगळी ऊर्जा कुठल्याच पंख्याला काढता येत नाही. वरची हद्द ५९.३ टक्के, हे जर्मनीच्या अल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वी गणिताने दाखवलं. मोठी यंत्रं चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत जातात, घरगुती पंखा पंचवीस-तीस टक्क्यांवर अडतो. तीस धरले तर सेकंदाला १० मीटर वाऱ्यात हा पंखा साडेबाराशे वॅटच्या आसपास देईल. माहितीपत्रकात छापलेला आकडा साधारण याच वाऱ्याचा असतो. ५ मीटर वाऱ्यात तोच पंखा १६० वॅट देतो. ३ मीटरला चौतीस, म्हणजे तीन-चार एलईडी बल्ब. आणि तुमच्या अंगणात वर्षातले बहुतेक दिवस ३ मीटरही वारा नसतो. एप्रिलात मी माझ्या आजोळच्या घरी हातात धरायचा वारामापक घेऊन फिरलो होतो. माडांच्या आत, स्लॅबवर काटा दीडच्या पुढे जाईना. तिथून निघून पंधरा मिनिटांत सड्यावर गेलो, तर त्याच दुपारी पाच-सहा मीटरचा वारा होता. झाडं आणि घरं वाऱ्याचा वेग तर खातातच, शिवाय त्याला फिरवून टाकतात. असा भोवऱ्याचा वारा पात्यांना एकीकडून ढकलतो, लगेच दुसरीकडून ओढतो.

मालवण तालुक्यातल्या एका होमस्टेवाल्याने मला श्रावणात बोलावलं होतं. विकणाऱ्याने पंख्याचा खांब थेट स्लॅबच्या कठड्याला चार बोल्टवर बसवून दिला होता. एक पातं तुटून शेजारच्या वाडीत पडलेलं, कठड्याला खांबापासून तिरकी भेग, आणि त्या भेगेतून पाणी खालच्या खोलीत झिरपत होतं. रात्री सगळं घर गुरगुरायचं म्हणून पाहुणे खोली सोडून गेले होते. नशीब, माणूस कुणी खाली नव्हता.

तीन किलोवॅट सोलरचं बघा. वर्षाची सरासरी काढली तर किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरायला हरकत नाही, म्हणजे तुम्हाला दिवसाला बारा. पावसाळ्यात ते निम्म्यावर येतं, ते गृहीत धरा. मीटर घरगुती असेल तर २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. होमस्टेचं मीटर व्यावसायिक असेल तर ते मिळणार नाही, हे आधी तपासा. पॅनेलचं स्ट्रक्चर मात्र नीट गॅल्व्हनाइज केलेलं घ्या आणि बोल्ट स्टेनलेसचे मागा. साधं लोखंड आपल्या हवेत टिकत नाही. जिथं वीजच पोचलेली नाही, मोकळ्या सड्यावर, पंधरा-अठरा मीटर उंच खांबावर, सोलर आणि बॅटरीच्या जोडीला छोटी पवनचक्की शोभते. तुमच्या स्लॅबवर नाही.

आता किनाऱ्याची गोष्ट, आणि ती सांगताना मला अजूनही हळहळ वाटते. १९८६ साली देशात पवनऊर्जेचे पहिले सरकारी प्रयोग झाले ते समुद्रकाठीच: गुजरातेत ओखा, तामिळनाडूत तुतिकोरिन आणि महाराष्ट्रात आपला कोकण किनारा. यंत्रं डेन्मार्कच्या वेस्टास कंपनीची, ५५ किलोवॅटची, पंख्याचा व्यास जेमतेम पंधरा मीटर. देवगडच्या समुद्राकडच्या टेकाडावरच्या पवनचक्क्या त्याच सुरुवातीच्या काळातल्या. गावाने त्या जागेला 'पवनचक्की' हेच नाव देऊन टाकलं, आणि आज लोक तिथं सूर्यास्त बघायला जातात. पुढे विजयदुर्गजवळ गिर्येच्या सड्यावरही महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेने यंत्रं उभी केली. त्या वेळी असं यंत्र फिरतं आणि तारेत वीज येते हे दाखवणं हाच उद्देश होता, आणि तो साधला. पण त्या यंत्रांचे टॉवर बुटके होते, आणि सड्यावरचा खरा वारा त्यांच्या डोक्यावरून निघून जायचा.

शिवाय खारी हवा. किनाऱ्यावरच्या एका जुन्या यंत्राचं पॅनेल मी पहिल्यांदा उघडलं तेव्हाचं दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या, काँटॅक्टरच्या तोंडावर पांढरं मीठ, आणि टॉवरच्या फ्लँजचा बोल्ट पान्याने फिरवायला गेलो तर डोक्याचा कडा पापुद्र्यासारखा हातात आला. घाटावर सहा महिन्यांनी करायचं काम इथं दोन महिन्यांनी करावं लागतं, आणि त्या माणसाचा पगार छोट्या यंत्राच्या विजेतून निघत नाही. एखादा छोटा भाग जळला की तो परदेशातून येईपर्यंत यंत्र उभं, आणि उभं यंत्र खाऱ्या हवेत चालत्या यंत्रापेक्षा लवकर मरतं. आज रंगाचे थर, बंदिस्त पॅनेल आणि आतली हवा कोरडी ठेवायची सोय असलेली किनारी यंत्रं मिळतात. तेव्हा तसं काही नव्हतं.

मग यंत्रं घाटावर का गेली? कारण आपलाच वारा तिथं जाऊन वेग धरतो. अरबी समुद्रावरून आलेला वारा कोकणाची पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी ओलांडतो, आणि पुढे सह्याद्रीची भिंत उभी. भिंतीच्या पायथ्याशी वारा तुंबतो, मंदावतो. वर चढताना दबला जातो आणि माथ्यावरून वेगाने सुटतो. चाळकेवाडी, वनकुसवडे, ठोसेघरच्या वरची पठारं बरोबर त्या माथ्यावर आहेत. पहिल्या पावसाळ्यात मी वनकुसवड्यावर धुक्यात टॉवर चढलो. वर पोचल्यावर पाती दिसत नव्हती, नुसता आवाज, आणि धुकं क्षणभर फाटलं की पश्चिमेला कोयनेचं पाणी. तो वारा काही तासांपूर्वी तुमच्या सड्यावरून गेलेला असणार, असं तेव्हा मनात आलं होतं. तामिळनाडूत मुप्पंदलला हेच वेगळ्या तऱ्हेने होतं. तिथं डोंगररांगेला खिंड आहे आणि सगळा वारा तिच्यातून पिळून निघतो.

वाऱ्याइतकाच पैसाही कारणीभूत होता. नव्वदच्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळायचा, म्हणजे यंत्राची सगळी किंमत करपात्र उत्पन्नातून वजा व्हायची. पुढे तो ८० टक्के झाला. सूतगिरण्या, साखर कारखाने, व्यापारी यांनी कर वाचवायला यंत्रं घेतली. त्याने धंदा उभा राहिला हे खरं, पण वीज किती झाली यापेक्षा यंत्र मार्चअखेरच्या आत उभं राहिलं की नाही, याचीच फिकीर जास्त. २०१७ मध्ये लिलाव आला, म्हणजे सर्वांत कमी दरात वीज देईल त्याला काम. फेब्रुवारीत युनिटला ३ रुपये ४६ पैसे, ऑक्टोबरात २ रुपये ६४ पैसे. एवढ्या कमी दरात परवडेल असा वारा जिथं, तिथंच कंपन्या गेल्या: कच्छ, दक्षिण तामिळनाडू, पुढे कर्नाटक. मध्यम वाऱ्याची जागा आणि महागडं बांधकाम, असं दोन्ही असलेलं कोकण मागे पडलं. त्याच काळात देश मात्र पुढे गेला. मार्च २०२५ अखेर भारताची पवनऊर्जेची क्षमता ५० गिगावॅटवर गेली, जगात चौथा क्रमांक. गुजरात आणि तामिळनाडू सर्वांत वर, मागे कर्नाटक, मग आपलं राज्य पाच गिगावॅटच्या थोडं वर. कोकणाचा त्यात वाटा नावापुरता.

तरीही एजंट आज तुमच्या दारात येतो, याला कारण आहे उंची. जमिनीपासून वर जावं तसा वारा वाढतो. तीस मीटरवरचा वारा १४० मीटरवर साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त असतो, आणि मघाच्या नियमाने ताकद जवळजवळ अडीचपट. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने देशाची क्षमता १०० मीटर उंचीवर ३०२ गिगावॅट काढली होती. १२० मीटरला ती ६९५ झाली आणि १५० मीटरला ११६४. देश तोच, वारा तोच, मोजायची उंची वाढली आणि नको म्हटलेल्या जागा यादीत आल्या. आजच्या तीन मेगावॅटच्या यंत्राचा पंखा १४० मीटरहून मोठा असतो. देवगडच्या त्या जुन्या पंधरा मीटरच्या पंख्यापेक्षा तो नव्वदपट वारा कवेत घेतो. असं एक यंत्र वर्षाच्या क्षमतेच्या तीस टक्के चाललं तर ७८-७९ लाख युनिट देतं. पंधरा टक्केच चाललं तर त्याच्या निम्मे, आणि मग बँक दारात. तुमचा सडा तीसवाला की पंधरावाला, हे मी नकाशा बघून सांगणार नाही, एजंटानेही सांगू नये.

सोलरमुळेही वाऱ्याला नवी किंमत आलीय. दुपारी वीज मुबलक, संध्याकाळी आणि पावसाळ्यात टंचाई, अशी आता परिस्थिती आहे. मोसमी वारा नेमका सोलर झोपलेलं असताना चालतो. एकाच तारेवरून दोन्ही वीज नेली तर तारेचा खर्च वाटला जातो. मला वाटतं कोकणात पवनऊर्जा आलीच तर ती अशी जोडीने येईल, नुसत्या पंख्यांच्या रांगा उभ्या राहणार नाहीत.

पण यंत्र उभं करायचं तर ते सड्यावर पोचलं पाहिजे. सत्तर मीटरचं एक पातं घाटाच्या वळणावरून उतरवून बघा. करूळ, फोंडा, आंबा, अणुस्कुरा, कुठल्याच घाटात ते सरळ वळत नाही. पातं तिरकं उभं करून नेणाऱ्या गाड्या आल्यात, पण भाडं जबर. महामार्गाने आणलं तरी नांदगाव किंवा तळेरेपासून किनाऱ्याकडे येताना प्रत्येक वळणावर विजेचे खांब, कंपाउंड, कुणाचा तरी गडगा. माझं मत असं की कोकणाने समुद्राकडून विचार करावा. जयगडसारखं खोल बंदर आहे, पाती बोटीने उतरवता येतात. दोन-चार यंत्रांसाठी हे कुणी करणार नाही, पन्नास यंत्रांचा आराखडा असेल तर करतील. त्यापुढे वीज वाहून न्यायला १३२ किंवा २२० केव्हीचं सबस्टेशन किती लांब, हा प्रश्न. आंब्याच्या बागांतून लाइन न्यायची तर प्रत्येक बागायतदाराशी बोलणं आलं.

खाली कातळ आहे म्हणजे पाया फुकटात मजबूत, हाही गैरसमज. तीन मेगावॅटच्या यंत्राच्या पायाला चारशे-पाचशे घनमीटर काँक्रीट लागतं. जांभ्याचं वरचं कवच कठीण, पण त्याखाली मऊ चिकणमाती आणि पोकळ्या निघतात. त्यासाठी बोअर मारून माती तपासावीच लागते. आणि त्याच पोकळ्यांतून पावसाचं पाणी खाली झिरपून तुमच्या वाडीतल्या विहिरींना येतं, हे लक्षात ठेवा. कुठे खोदणार, रस्त्याचं पाणी कुठे सोडणार, हे गावाने विचारलं पाहिजे.

आता जमीन. इथं मी सगळ्यात जास्त लोकांना फसताना पाहिलंय, म्हणून सावकाश वाचा. घाटावर पहिल्या लाटेत कितीतरी शेतकऱ्यांनी माळ कवडीमोलाने खरेदीखत करून दिला. घेणारे दलाल होते, त्यांनी तीच जमीन कंपनीला कितीतरी पटीने विकली. ज्याच्या आजोबांची जमीन होती, तो मुलगा पुढे त्याच टॉवरखाली वॉचमन म्हणून उभा होता. त्याच्याबरोबर मी डबा खाल्लाय. कोकणात सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईला, काही वारले आणि वारसनोंद नाही. एजंट हे बरोबर हेरतो. तो मुंबईच्या चुलत्याला गाठून "नुसतं मोजणीसाठी" म्हणून मुखत्यारपत्र घेतो. ते वाचलं तर त्यात विक्रीचाही अधिकार असतो.

तुमच्या घराने आधी वारसनोंदी आणि फेरफार पुरे करून घ्यावेत. एजंटाकडून कंपनीचं लेखी पत्र मागा. बोलणी कंपनीशीच करायची. करार नोंदणीकृत भाडेपट्ट्याचा असावा, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवल्याशिवाय कोर्टात उभा राहत नाही. मुदत वीस-पंचवीस वर्षांची असते, म्हणून दर वर्षी किंवा दर तीन वर्षांनी भाडेवाढ आकड्यात लिहून घ्या. अमुक वर्षांत यंत्र उभं राहिलं नाही तर करार आपोआप संपेल, हे कलम हवंच, नाहीतर जमीन वीस वर्षं अडकून राहते. कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर त्याच अटी नव्या मालकावर बांधील राहतील. मुदत संपल्यावर टॉवर उतरवणं, पाती नेणं आणि पाया निदान मीटरभर खोल फोडून काढणं ही कंपनीची जबाबदारी, आणि त्यासाठी बँक हमी. पाती फायबरची असतात, भंगारवाला घेत नाही, ती तुमच्याच कातळावर पडून राहतील. ग्रामपंचायतीला काय मिळणार, रस्ता गावाला वापरता येणार का, हेही ग्रामसभेत लेखी व्हावं. एका यंत्राला क्रेनच्या जागेसकट तीन-चार एकर लागू शकतं. तुमचे साडेतीन एकर म्हणजे जवळजवळ अख्खा तुकडा जाईल.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे यंत्र राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत नको. सार्वजनिक रस्त्यापासून अंतर टॉवरची उंची, अधिक पंख्याचा अर्धा व्यास, अधिक पाच मीटर. १४० मीटर टॉवर आणि १४४ मीटर पंखा धरला तर २१७ मीटर. हे तुमच्या नकाशावर दोरी धरून मोजून बघा. कितीतरी कोकणी सडे या एका अटीतच बाद होतात, कारण सड्याच्या कडेला वाडी असतेच. समुद्राच्या भरतीरेषेपासूनची सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची, हद्द वेगळी बघावी लागेल.

आणि तुमच्या कातळाकडे एकदा नीट बघा. सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे ही रत्नागिरीकडची, आपल्या सिंधुदुर्गातलं कुडोपी. अजून नोंद न झालेली किती असतील कोण जाणे. क्रेनच्या रस्त्याला जेसीबी फिरला की दोन तासांत हजारो वर्षांचं चित्र भुगा होतं. पहिल्या पावसात सड्यावर पांढरी दीपकाडी फुलते, ती कोकणाच्या जांभ्याच्या सड्यांवरचीच. समुद्री गरुडाची घरटी किनाऱ्याजवळच्या उंच झाडांवर असतात. पक्षी पात्यांपेक्षा तारांवर जास्त मरतात, माळढोकासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये तारांबाबत आदेश द्यावा लागला तो त्यामुळेच. घरटं असेल तिथं लाइन जमिनीखालून मागा. मी पवनचक्कीच्या बाजूचा माणूस आहे, आयुष्य त्यात गेलंय, आणि तरीही सांगतो: कातळशिल्प असलेल्या सड्यावर यंत्र नको, तिथून दोन सडे सोडून बघा.

समुद्रात यंत्रं उभी करायचं काय, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याला थोडक्यात उत्तर. सरकारने २०२४ मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेला ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, ती एक हजार मेगावॅटसाठी, निम्मे गुजरातजवळ आणि निम्मे तामिळनाडूजवळ. आपला किनारा त्यात नाही. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते आपण दोन्ही अनुभवलीत. वादळातही टिकतील अशी यंत्रं बनतात, पण महाग. शिवाय आपल्या मच्छीमारांची जाळी टाकायची जागा कुणी आखून घेणार असेल तर आधी त्यांना विचारावं लागेल. सड्यावरचा प्रश्न तुमच्यापुढे आज आहे, तो आधी सोडवा.

एजंट पुन्हा आला तर त्याला एकच म्हणा: आधी मास्ट उभा करा. वारा मोजायचा शंभर-सव्वाशे मीटरचा जाळीचा खांब असतो, त्यावर वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याच्या वाट्या आणि दिशादर्शक. त्यासाठी फक्त तेवढ्या जागेचा, एक-दोन वर्षांचा वेगळा करार करा. जमिनीचा पुढचा कुठलाही हक्क त्यात लिहू देऊ नका, आणि मोजणीच्या आकड्यांची प्रत दर महिन्याला तुम्हाला मिळेल असं कलम घाला. ते आकडे मला पाठवा, मी बघून देईन. खांबाला चहूबाजूंनी ताणाच्या तारा असतात. त्यांना माणसाच्या उंचीपर्यंत पिवळे पाइप घालायला लावा, सड्यावर चरायला सोडलेली गुरं संध्याकाळच्या अंधारात त्यांत अडकतात. आणि मास्ट मेअखेर उभा राहिला पाहिजे. जूनमध्ये क्रेन चिखलात रुतून बसली, तर वाऱ्याचा हंगाम हुकेल, अख्खं वर्ष जाईल आणि तुम्ही पुन्हा तिथंच याल.